शोकेसमधली जोडी

फोटोग्राफरला दोन वाक्यं जन्मभर ऐकावी लागतात. फोटो चांगला आला तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘मी दिसतोच तसा.’ वाईट आला तर म्हणतं, ‘तुमचा कॅमेरा जुना झालाय.’ म्हैसूरला मार्केटच्या मागच्या रस्त्यावर मी स्टुडिओ चालवला आणि ह्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत माझा संसार झाला. आता स्टुडिओ बंद आहे, सरस्वतीपुरममध्ये मुलाच्या घरी राहतो आणि नातवंडं फोनवर दिवसाला जेवढे फोटो काढतात तेवढे मी महिन्यात काढत नसे. तरी त्यांच्या फोटोत कपाळ कापलेलं असतं, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

संपादकांनी ‘धंद्यातल्या आठवणी लिहा’ असं कळवलं तेव्हा पहिली अडचण भाषेची आली. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याहून आलेला पाहुणा जेवताना मान डोलावतो आणि नंतर हळूच बायकोला विचारतो, काय म्हणत होते ते? म्हणून लिहिताना जपून लिहितो आहे. माणसं बोलतील तिथे मात्र ती आमच्यासारखीच बोलतील, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही मूळचे शिंपी, विठोबाचे भक्त. वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. मला मशीनवर पाय मारायचा कंटाळा, म्हणून मी एका वयस्कर फोटोग्राफरांकडे काम शिकलो आणि पुढे वडिलांच्याच दुकानाच्या शेजारी स्टुडिओ थाटला. स्वातंत्र्याआधी फोटो म्हणजे राजवाड्यातल्या माणसांचं, फार तर वकील-डॉक्टरांचं काम. नंतर मात्र सगळ्यांनाच तोंड दाखवायची वेळ आली. परीक्षेला फोटो, नोकरीच्या अर्जाला फोटो, कारखान्याच्या पासाला फोटो. ज्यांच्या बापाने आरशाखेरीज स्वतःचं तोंड कुठे पाहिलं नव्हतं, ती माणसं माझ्यापुढे लाकडी खुर्चीवर बसून श्वास रोखून धरू लागली.

शिंप्याचा मुलगा असल्याचा फायदा मला कोटात झाला. फोटोसाठी कोट लागायचा आणि कोट कुणाकडेच नसायचा. वडिलांनी मला दोन कोट शिवून दिले ते फक्त पुढून. मागे पाठच नाही, नाड्या. लठ्ठ असो की काटकुळा, पुढून घालायचा, मागे नाड्या आवळायच्या, की झाला साहेब. एकदा मेटगळ्ळीच्या कारखान्यातले एक गृहस्थ फोटो झाल्याच्या आनंदात तसेच रस्त्यावर उतरले. पुढून बघणारे त्यांना नमस्कार करत होते आणि मागून बघणारे हसत होते. बस स्टँडजवळ मी त्यांना गाठलं. त्यांनी कोट परत दिला, पण पुढे दरवर्षी दसऱ्याला सहकुटुंब माझ्याकडेच फोटोला आले.

जुन्या बायका-पुरुषांची आणखी एक अडचण होती. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं त्यांना वाटायचं. त्यामुळे कितीतरी लोक फोटो न काढताच गेले, आणि मग मुलं माझ्याकडे यायची. आईचा एकटीचा फोटो आहे, वडिलांचा कुठल्या तरी लग्नाच्या गर्दीत एवढासा चेहरा आहे, दोघांना शेजारी बसवून द्या. ह्याला आम्ही जोडफोटो म्हणायचो. दोन्ही फोटो वेगवेगळे हव्या त्या मापाचे करायचे, बारीक कात्रीने माणसं कापायची, एका कागदावर चिकटवायची, सांध्यावर ब्रशने रंग भरायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो घ्यायचा. सांधा दिसू नये म्हणून दोघांच्या मध्ये हमखास एक फुलदाणी यायची. म्हैसुरातल्या पुष्कळ घरांत भिंतीवर आजोबा-आजी मोठ्या प्रेमाने शेजारी बसलेत आणि मध्ये फुलदाणी आहे. त्यातले निम्मे तरी आयुष्यात शेजारी बसलेच नव्हते, माझ्या कात्रीने बसले. ह्या कामात माझा हात गावात नंबर एकचा होता. खोटी नम्रता कशाला?

फोटोला रंग द्यायचं काम माझी बायको शकुंतला करायची. काडीला कापूस गुंडाळून ती गालाला, ओठाला, साडीच्या काठाला असा रंग लावायची की लोक साडीचं सूत ओळखायचे. तिचा हात हलका होता आणि बोलणं जरा जड होतं. एवढं सांगून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत ती मध्ये बोलणार आहे.

स्टुडिओची खरी इभ्रत असायची शोकेसमध्ये. दाराशेजारी रस्त्याकडे तोंड करून काचेची पेटी, आत निवडक फोटो. काळा डगला घातलेला पदवीधर, उघडं गुटगुटीत बाळ, तबला घेतलेले बुवा, मिशीला पीळ दिलेले एक निवृत्त घोडदळवाले. आपला फोटो शोकेसमध्ये लागावा म्हणून लोक वशिला लावायचे. बायकांचे फोटो मात्र मी त्यात लावत नसे. घरची मंडळी स्वतः येऊन ‘लावा’ म्हणाली तरच. कुणाच्या लेकीसुनेकडे रस्त्यावरच्या टपोरी पोरांनी बघत उभं राहायचं आणि शिव्या आपण खायच्या, हा धंदा मला नको होता.

आणि त्याच शोकेसमध्ये एके सकाळी मी एका नवराबायकोचा फोटो लावला. त्याची ही हकिगत.

सरोजा तिच्या भावाबरोबर आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. भाऊ, किसन, नंजनगूडला शिवणकाम करायचा. बाकावर ती अगदी टोकाला बसली. भाऊच म्हणाला, “अण्णा, मागच्या वर्षी आमच्या हिचा जोडीचा फोटो तुम्ही काढलाय. त्याची कॉपी मिळेल का बघा की.”

नाव विचारलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि लख्ख आठवलं. आमच्या लोकांत लग्न लागल्यावर नवऱ्याच्या उपरण्याला नवरीच्या शेल्याची गाठ मारतात, ती विठोबाचं दर्शन घेऊन घरात पाऊल टाकेपर्यंत आमच्याकडे सोडत नाहीत. लग्न नंजनगूडला लागलं होतं. वऱ्हाड म्हैसूरला आलं, देवळात गेलं आणि वाटेत माझ्याकडे फोटोला उतरलं. दोघं गाठ बांधलेलीच खुर्च्यांवर बसली. मी म्हटलंही होतं, उपरणं जरा मागे घ्या, घडी विस्कटते आहे. तर नवऱ्याची आई म्हणाली, हात लावू नका, अजून घर यायचंय.

“तुम्हाला दोन कॉप्या दिल्या होत्या की,” मी म्हटलं.

“एक त्यांच्या घरी होती,” किसन म्हणाला. “आमची होती ती तिच्या सासऱ्यांच्या भावाने नेली. फ्रेम करून आणतो म्हणून सांगितला. परत दिलीच नाही.”

मग हळूहळू सगळं कळलं. सरोजा सासरी जेमतेम महिनाभर राहिली. गौरीच्या सणाला माहेरी पाठवली ती परत बोलावली नाही. कारण कुणी सांगितलं नाही. भाऊ न्यायला गेला तर दारातूनच ‘बघू’. आणि आता कानावर आलं होतं की दावणगेरेच्या एका घरची मुलगी त्या नवऱ्याला सांगून आली आहे, बोलणी चालली आहेत, आणि मुलीकडच्यांना सांगितलंय की मुलाचं लग्न झालेलंच नाही. नंजनगूडला एक ठिकाण बघितलं होतं, ते जमलं नाही, एवढंच.

तेव्हा सरोजा पहिल्यांदा बोलली. आवाज बारीक होता, पण शब्द मोजून ठेवल्यासारखे आले.

“मी त्या घरी आलेच नव्हते म्हणून सांगतात, अण्णा. शेजारच्या बायकांनी माझ्या हातची भाकरी खाल्लीय. त्यासुद्धा आता ‘आम्हाला काय माहीत’ म्हणून सांगतात.”

निगेटिव्ह माझ्याकडे होती. त्या काळी आम्ही काचेवर फोटो घ्यायचो आणि त्या काचा कागदात गुंडाळून लाकडी खोक्यांत ठेवायचो. मी म्हटलं, कॉपी उद्या मिळेल. भावाला वाटलं काम झालं, तो उठला. ती उठली नाही.

“कॉपी नको. तुमच्या त्या पेटीत लावा,” ती म्हणाली.

“कुठल्या पेटीत?”

“रस्त्यावरच्या. त्यांच्या घरी जायचं तर तुमच्या दुकानासमोरूनच जावं लागतं. दुसरी वाट नाही. दावणगेरेचे लोक कधी येणार मला माहीत नाही. मी रोज रस्त्यावर उभी राहू शकत नाही. फोटो राहू शकतो की.”

खरं सांगतो, मला घाम फुटला. नवऱ्याचे काका म्हणजे आमच्या देवळाच्या कमिटीतले मोठे प्रस्थ. गोकुळाष्टमीचे, सप्ताहाचे सगळे ग्रुप फोटो त्यांच्या शब्दावर मला मिळायचे. मी माझा नियम पुढे केला. घरच्यांच्या परवानगीशिवाय बाईचा फोटो शोकेसमध्ये लावत नाही, आणि हा तर दोघांचा फोटो, त्यातल्या एकाची परवानगी नाही.

आतल्या बाजूला रंग लावत बसलेली शकुंतला मान वर न करता म्हणाली, “अहो, अर्धा फोटो तिचा आहे ना? ती परवानगी देते आहे. उरलेला अर्धा तुम्ही कापून ठेवा. नाहीतरी कापायची हौस आहेच.”

सरोजाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पण मी विचार करत होतो तो त्याच अर्ध्या फोटोचा. एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की फोटो म्हणजे माणूस गेल्यावरही राहणारी गोष्ट आहे, आणि ही समोर बसलेली जिवंत मुलगी मला तेवढंच करून मागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या मापाची एक कॉपी काढली, शकुंतलेने तिला रंग दिला, आणि तबल्यावाल्या बुवांना उतरवून त्यांच्या जागी ती जोडी लावली. ती जागा बरोबर डोळ्यांच्या उंचीची होती.

आमचा रस्ता फार हुशार. दुपारपर्यंत सगळ्यांनी बघितलं. कुणी काही बोललं नाही, पण शोकेससमोरून जाताना माणसं चपलेचा अंगठा तुटल्यासारखी थांबू लागली. रोज मार्केटला जाणाऱ्या बायका, ज्यांना ‘काय माहीत’ होतं, त्या दोघी-तिघी मिळून जायच्या आणि पुढे गेल्यावर तोंडाला पदर लावायच्या. बुवा मात्र रागावले. त्यांनी मला विचारलं, माझ्यात काय कमी होतं? मी म्हटलं, बायको.

चौथ्या की पाचव्या दिवशी काका आले. सोबत नवरा, श्रीनिवास. बेळगोळच्या कारखान्यात नोकरीला होता, केस चापूनचोपून, शर्टाच्या खिशाला पेन. काकांनी आधी सप्ताहाच्या फोटोंची चौकशी केली, मग म्हणाले, “तो फोटो काढा हो. बरं दिसत नाही.”

“काका, ज्यांचा फोटो आहे त्यांनी लावायला सांगितलाय.”

“ज्याचा आहे तो हा इथे उभा आहे.”

“ह्यांचा अर्धा,” मी म्हटलं. शकुंतलेचं वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं.

श्रीनिवासने मान वर केली नाही. फोटोकडेही बघितलं नाही. काका मात्र निघताना म्हणाले, “बघा बाबा. तुमचं देवळातलं काम आहे, आमच्याशी रोजची गाठ आहे.” त्या वर्षीचा सप्ताह दुसऱ्या स्टुडिओला गेला, हे नंतर कळलं. त्या ग्रुप फोटोत मागची सगळी रांग हललेली आली, हेही कळलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं असं म्हणणार नाही.

त्यानंतर पंधरवडा गेला असेल. एक गृहस्थ शोकेससमोर उभे राहिले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात पिशवी. बघितलं, पुढे गेले. मी तिकडे लक्ष दिलं नाही, दिवसभर कोणी ना कोणी थांबतच होतं. तासाभराने तेच गृहस्थ परत आले, आणि आता त्यांच्या मागे काका आणि श्रीनिवास होते. गृहस्थ सरळ आत आले आणि हात जोडून म्हणाले, “स्वामी, मी दावणगेरेचा. कापडाचं दुकान आहे. मुलीचं ठरवायला आलोय. एक विचारायचं होतं, रागावू नका. बाहेर आहे तो फोटो खरा की जोडलेला?”

काकांनी लगेच मध्ये तोंड घातलं. “मी सांगितलं की तुम्हाला! हे जोडण्यात उस्ताद आहेत. गावात कुणालाही विचारा. मेलेल्या माणसाला जिवंताशेजारी बसवतात, तिथे ह्याला कुणाशेजारी बसवणं काय मोठं? त्या नंजनगूडवाल्यांनी करून घेतलाय, आमची बदनामी करायला.”

मला एवढा राग आयुष्यात कमी वेळा आला असेल. आणि गंमत अशी की त्यात थोडा अभिमानही होता, कारण काकांचं म्हणणं खरंच होतं. मी करू शकलो असतो. ज्या हुन्नरावर मी एवढा फुगत होतो, त्याच हुन्नरामुळे माझा खरा फोटो खोटा ठरत होता.

“स्वामी,” मी दावणगेरेकरांना म्हटलं, “मी जोडला असता तर ह्या नवरदेवाचं तोंड एवढं आंबट ठेवलं नसतं. जोडफोटोत मी सगळ्यांना बरं करतो. आणि मध्ये फुलदाणी घालतो. तिथे फुलदाणी दिसते का?”

ते हसले नाहीत. मुलीचा बाप होता तो, त्याला विनोद नको होता. मी मागच्या खोलीतून ती काच आणली आणि एका जोडफोटोचीही आणली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं, माणसं ओळखू येत नाहीत. मी दोन्ही काचा खिडकीशी धरल्या.

“ही जोडलेली. बघा, कडेला कात्री फिरल्याची रेघ. हे ब्रशचे फटकारे. रंग दिलेल्या कागदाचा फोटो आहे हा. आता ही दुसरी बघा.”

त्यांनी चष्मा पुसला, काच स्वतःच्या हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. मग बोट काचेला न लावता वरून फिरवत म्हणाले, “हे काय मध्ये? ह्याच्या खांद्यावरून येतंय आणि तिच्या मांडीवर चाललंय.”

“गाठ.”

“सोडली नव्हती?”

“घर यायचं होतं,” मी म्हटलं. “ह्यांच्या आईने मला हात लावू दिला नाही.”

दावणगेरेचे असले तरी ते आमच्यातलेच. गाठ कधी मारतात आणि कधी सोडतात, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. काच त्यांनी अगदी हलक्या हाताने माझ्याकडे परत दिली. श्रीनिवासकडे वळून त्यांनी विचारलं, “ही गाठ कुणी सोडली रे?”

त्याने काकांकडे बघितलं. काका बाहेर रस्त्याकडे बघत होते.

“मी तुझ्या काकांना विचारलं नाही.”

“आईने,” श्रीनिवास म्हणाला. “घरी आल्यावर.”

झालं. एवढ्या एका शब्दासाठी ती मुलगी नंजनगूडला बसून राहिली होती. मला वाटलं आता आरडाओरड होईल, पण दावणगेरेकरांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, “माझ्या मुलीचा फोटो तुमच्या घरी आहे. तो आणून द्या. आत्ता. मी इथे बसतो.”

त्या काळी मुलीचा फोटो म्हणजे काय चीज होती, हे आताच्या मुलांना सांगून कळायचं नाही. लग्नाच्या बाजारात तो घरोघर फिरायचा. लोक चहा पिताना हातात घेऊन नाक-डोळे बघायचे, आणि नकार आला तरी फोटो परत येईलच असं नव्हतं. असे फोटो मी शेकड्याने काढले. रंग उजळ करून दिला, देवीचे व्रण पेन्सिलीने भरले, तिरळा डोळा एका बाजूने घेतला. पण फोटो परत मागायला बाप असा खुर्चीवर बसलेला मी तेव्हाच बघितला. श्रीनिवासने फोटो आणला. त्यांनी तो न बघता पिशवीत घातला, मला नमस्कार केला आणि स्टेशनचा रस्ता विचारून गेले.

मी किसनला निरोप पाठवला, आणि कबूल करतो, स्वतःवर जाम खूष झालो. एका फोटोने केवढं काम केलं! शकुंतलेला म्हटलं, बघशील, आठ दिवसांत काका येतात की नाही.

ते आले. गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. दावणगेरेहून बातमी आमच्या सगळ्या लोकांत पसरली होती. श्रीनिवासला आता दुसरीकडून मुलगी मिळणं कठीण होतं. काकांनीच मला मध्यस्थ केलं, तुमच्याकडे बोलावून घ्या, मुलीला सन्मानाने नेतो म्हणाले. मी कॉफी मागवली. शकुंतलेने काय सुचून कोण जाणे, ओटीचं सामान काढून ठेवलं. किसन आणि सरोजा पहिल्या बसने आले. किसनच्या अंगावर नवा शर्ट होता, त्याचे डोळे भरून येत होते. घरात बहीण परत आलेल्या भावाला लोक काय काय ऐकवतात ते त्याने वर्षभर ऐकलं होतं.

काका चांगलं बोलले. झालं गेलं विसरा म्हणाले, चूक आमची म्हणाले. श्रीनिवास मान खाली घालून बसला होता. मला तर वाटत होतं, आता दोघांना तसंच त्या दोन खुर्च्यांवर बसवावं आणि दुसरा फोटो काढावा.

सरोजाने कॉफीचा पेला खाली ठेवला.

“काका, मी तुमच्या घरी होते की नाही?”

“होतीस की ग.”

“लग्न लागून आले होते?”

“असं काय विचारतेस? सगळ्या गावाला माहीत आहे.”

“तुम्ही सांगा.”

काकांनी माझ्याकडे बघितलं, किसनकडे बघितलं. “हो. आमची सून म्हणून आली होतीस.”

“सरी, ठीक आहे,” ती म्हणाली. “मला एवढंच ऐकायचं होतं. आता मी येत नाही.”

कुणालाच कळेना. किसन म्हणाला, “अगं सरू, न्यायला आलेत ते!”

“कळलं, दादा. मी नाही जात. मला परत जायचं म्हणून मी फोटो लावायला सांगितला नव्हता. मी आलेच नव्हते म्हणून कुणी सांगू नये, म्हणून सांगितला.” मग ती श्रीनिवासकडे वळली. त्या सगळ्या प्रकरणात ती त्याच्याशी बोललेली मी तेवढंच ऐकलं. “तुमच्या घरात मी वाईट वागले नव्हते. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं.”

काका उठले, बडबडत पायऱ्या उतरले, श्रीनिवासही मागोमाग गेला. किसन भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जोडणारा माणूस मी. जोडायला आलेली माणसं समोरून उठून गेली आणि मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं, हे माझं मलाच नवल होतं. शकुंतलेने मात्र काढून ठेवलेलं सामान आत नेलं नाही. तिने सरोजाची ओटी तिथेच भरली.

“अण्णा, आता तो काढा,” सरोजा म्हणाली. “ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला.”

मी शोकेस उघडली, पिना काढल्या आणि फोटो आणून तिच्या हातात दिला. उन्हाने श्रीनिवासच्या कोटाचा रंग जरा विटला होता. ती उजेडाला गेली आणि फोटो नीट समोर धरून उभी राहिली. इतकी उभी राहिली की मला वाटलं, आता हिचा धीर सुटतो.

“किती वेळा बघितला हा,” ती म्हणाली. “माझ्याकडे होता तेव्हा रोज बघायची. पण दर वेळी त्यांच्याकडेच बघायची. रागावलेत का, काय चुकलं माझं.” मग फोटो जरा जवळ घेऊन म्हणाली, “अक्का, मी बरी दिसते की, अल्वा? हो ना?”

प्रश्न मला नव्हता, शकुंतलेला होता. ती पुन्हा रंगाला बसली होती, हातातली कापसाची काडी ठेवून उठली, पदराला हात पुसत तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने फोटो बघितला.

“बरी काय ग,” ती म्हणाली. “मी रंग दिला तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर मला काहीच करावं लागलं नाही.”